माडवळ्याच्या अडलेल्या फेऱ्या

नागपूरच्या राष्ट्रीय मार्गनिधी आयोगाच्या प्रयोगशाळेत डॉ. यामिनी ओझरकर पडद्यासमोर बसून यंत्राला चक्क शिव्या घालत होती. शास्त्रज्ञांनी यंत्राशी असं वागू नये म्हणतात. पण हे यंत्र तिनेच बनवलेलं होतं, तेव्हा तो तिचा हक्कच होता म्हणा ना.

पडद्यावर एका गावाचं नाव होतं, माडवळे. नावापुढे शून्य.

"काय बघून राहिली तू मघापासून?" आयोगाच्या संचालक डॉ. इंदुमती वैरागडे चहाचा कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या, ठेंगण्या, आवाज मात्र खणखणीत.

"शून्य येऊच शकत नाही, बाई. सिंधुदुर्गातलं गाव आहे. तीन बाजूंना खाडी आणि चौथीकडे उभा कडा. पायी ओलांडायला साकव होता, तो चार वर्षांपूर्वी पुरात गेला. आता एकच होडी, तीही भरती असेल तेव्हा. अशा गावातल्या माणसांना कुठे जावंसंच वाटत नाही?"

"तीट काय म्हणते?"

"तीट म्हणते, नाही वाटत."

"मग नाही वाटत. तीट खोटं बोलत नाही, असं तूच खासदारांच्या समितीपुढे छातीठोकपणे सांगितलंस. मी शेजारीच बसून होते."

ही तीट म्हणजे कानामागे चिकटवायचा एक काळा ठिपका. सरकारी दप्तरात त्याचं नाव 'गमनेच्छामापक' असं होतं, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला लोकांना वेळ कुठला? दृष्ट लागू नये म्हणून बाळाला लावतात तसा ठिपका, म्हणून तीट. ती अंगाच्या उबेवर चालायची. तिच्यामागचं तत्त्व साधं होतं. माणूस कुठे जायला निघतो, त्याआधी त्याचा मेंदू ती वाट मनातल्या मनात एकदा चालून घेतो आणि पायांना आगाऊ वर्दी देतो. ही वर्दी तीट पकडते. माणूस कुठे आहे आणि त्याला कोणीकडे जायचं आहे, दोन्ही तिला कळतं. वर्दी गेली आणि पाय निघाले, तर ती झालेली फेरी. चांगली वाट असून निघाले नाहीत, तर तो आळस. पण वाटच नाही म्हणून पाय जागीच राहिले, तर ती 'अडफेरी'.

देशातले सगळे रस्ते, पूल आणि रेल्वेमार्ग आता या अडफेऱ्यांवर ठरत. कारण जुनी पद्धत पार बुडाली होती. गाड्या विजेवर गेल्या आणि इंधनावरचा कर आटला. टोलनाके लोकांनी दोनदा जाळले. उरलेला निधी वाटायचा तो वाहनं मोजून. जिथे वाहनं जास्त तिथे रस्ता, आणि जिथे रस्ता तिथे आणखी वाहनं. शहरांभोवती एकावर एक चार मजली उड्डाणमार्ग झाले, आणि डोंगरातली बाळंतीण मात्र झोळीतून दवाखान्यात जात राहिली. वैरागडेबाई म्हणायच्या, "आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी!" मग यामिनीने तीट बनवली, दोघींनी मिळून अडफेरी कायदा लिहिला, आणि झालेल्या फेऱ्यांऐवजी न झालेल्या फेऱ्या मोजायला सुरुवात झाली. सात वर्षांत जिथे कधी चाक गेलं नव्हतं अशा ठिकाणी रस्ते गेले. आपण जन्माला येऊन एक तरी धड काम केलं, असं यामिनीला मनापासून वाटायचं.

आणि आता हे माडवळे!

"शून्याचा अर्थ तुला ठाऊक आहे," बाई खुर्ची ओढून बसल्या. "ज्यांना कुठे जायचंच नाही त्यांना पूल देता येत नाही. आणि वाट नसलेलं गाव तसंच सोडताही येत नाही. म्हणजे स्थलांतर. जास्तीत जास्त दोनशे माणसं. पलीकडच्या तीरावर मोठा माळ आहे, महामार्गाला लागून. पक्की घरं देऊ, शाळा, दवाखाना सगळं देऊ. मी त्यांचं वाईट करून राहिली का?"

"वाईट नाही हो. पण काहीतरी चुकतंय."

"कायद्यात एका फेरमोजणीची सोय आहे. घे. पण आधी जाऊन तिटा तपासून ये. नुसतं चुकतंय, चुकतंय म्हणून चालत नाही."

*

माडवळ्यात पोचायला यामिनीला भरतीची वाट बघत खाडीकाठी अर्धा दिवस बसावं लागलं. होडीतून उतरली ती थेट गुडघाभर चिखलात. एक चप्पल तिथेच राहिली.

गावचे मानकरी बापू गावकर तिला घरोघर घेऊन गेले. सगळ्या तिटा ठणठणीत. शेवटचं घर रुक्मा घाडींचं. बाई साठीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, ढोपरं सुजलेली. ओसरीवर कुळीथ निवडत बसल्या होत्या.

"काय बघतंस गो कानामागे?" यामिनी वाकली तशा त्या म्हणाल्या. "गोचीड बिचीड आसा काय?"

"तीट बघतेय, काकी. चालतेय की बंद पडलीय ते."

"चलता तर! आंगोळीकसुदा काढूक नाय मी."

चालत होती. यामिनी ओसरीच्या कडेला बसली. समोर खाडीचं पाणी, आणि पलीकडे, ज्याला इथे पलतड म्हणत, तिथे एक निळ्या पत्र्याचं घर उन्हात दिसत होतं.

"ता माझ्या वैजूचा घर," रुक्माकाकी म्हणाल्या. "माझा चेडू. थयच दिलाला."

"लेक इतकी जवळ! मग जाता की नाही?"

"चार वर्सां झाली. साकव गेलो ना."

"आणि ती?"

"दोन वर्सांमागे येय होता. होडी कलंडली. नातू माझो बुडता बुडता वाचलो, रवळनाथाची कृपा. तेवापासून तेच्या घरच्यांनी धाडूक बंद केल्यानी. तेंचा तरी काय चुकला? रोज फोनार दिसता माका."

"काकी, खरं सांगा. जावंसं नाही वाटत?"

"खंय?"

"खंय म्हणजे काय! वैजूकडे."

रुक्माकाकींनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ही बया चंद्रावर जायचं विचारतेय. "चिखलातसून? ह्या ढोपरांनी? ता खुळ्यासारखा कित्याक मनात आणू?"

"तिची आठवण येत नाही?"

"येता मगे!" काकी उसळल्याच. "आठवण येवक काय पूल लागता?"

यामिनीच्या हातातलं तपासणीयंत्र तसंच राहिलं. दहा वर्षांत तिच्या डोक्यात जे शिरलं नव्हतं, ते आत्ता शिरलं. तीट आठवण मोजत नाही. ती पायांची तयारी मोजते. वाट बंद झाली की पाय थोडे दिवस धडपडतात, मग मेंदू वर्दी द्यायचंच सोडून देतो. फुकटचा त्रास कोण करून घेईल? या गावात अडफेऱ्या नव्हत्या असं नाही. त्या विझल्या होत्या. आणि तिचं लाडकं यंत्र त्या विझण्याला समाधान समजत होतं!

निघताना तिने पलीकडच्या माळाची गोष्ट काढली. आपल्या मनातलं न बोलता, समजुतीच्या सुरात म्हणाली, "तिकडे राहायला गेलात तर वैजू हाकेच्या अंतरावर असेल, काकी."

"लेकीच्या दारात रवणा वेगळा नि लेकीक भेटूक जाणा वेगळा," काकी म्हणाल्या. "भेटूक जावक आपला घर लागता, बाय. नायतर खयसून जातलंय?"

बापू गावकरांनी कपाळाला हात लावला. "मॅडम, ह्या गावात आमचो देव आसा. आमका हयसून काढूच्यापेक्षा खाडीत ढकला, सुटलंव."

फेरमोजणी मार्गशीर्षात ठरली. "त्या दिवसांत गावात काही अडचण?" यामिनीने दोनदा विचारलं. बापूंनी काही नाही म्हणून सांगितलं, आणि तिटा कोणी काढणार नाही असा गावाच्या वतीने शब्द दिला. त्या घडीला दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

*

"विझफेरी!" वैरागडेबाईंनी तो शब्द तोंडात घोळवला. "नाव छान काढलंस. पण मोजायची कशी?"

"तेच कळत नाही ना. जे उरलंच नाही ते पकडायचं कसं?"

"मग कायद्यात घालता येत नाही. हे बघ, तुझं म्हणणं मला पटतं. एकशे एक टक्के पटतं. पण आज माडवळ्यासाठी मी न मोजलेली विझफेरी मान्य केली, तं उद्या एकेक खासदार दारात उभा राहील. आमच्या मतदारसंघातल्या सगळ्याच इच्छा विझल्यात, द्या आठपदरी रस्ता! आपण हा कायदा काहून आणला? कोणाच्या शब्दावर निधी जाऊ नये म्हणून. आता तो तुझ्या शब्दावर देऊ?"

बाईंचं चुकत नव्हतं, हेच तर दुखणं होतं. चुकत असतं तर भांडता आलं असतं.

फेरमोजणीचे पहिले दिवस शून्यातच गेले. यामिनी सकाळी येऊन पडदा बघायची आणि जेवणाचा डबा न उघडताच घरी न्यायची. आणि मग एका सकाळी वैरागडेबाई जवळजवळ धावतच प्रयोगशाळेत आल्या.

"अगं, माडवळे बघितलं का? आकडा बघ! माणशी इतक्या अडफेऱ्या आजवर देशात कुठेच नाही झाल्या. बस्तरच्या वरती गेलं तुझं गाव! पहिल्या मोजणीत नक्की काहीतरी बिघाड असेल. मी म्हणत होते ना!"

बाई असं अजिबात म्हणत नव्हत्या. पण यामिनीचं तिकडे लक्ष कुठे होतं? तिने तपशील उघडला. गावातली एकूण एक तीट पलीकडच्या तीरावर होती. एकूण एक! आणि प्रत्येकीची दिशा उलटी, खाडीपलीकडून माडवळ्याकडे.

बाई गेल्यावर तिने बापू गावकरांना फोन लावला. आधी कोंबडा आरवला, मग ढोलकी ऐकू आली, मग बापू.

"कुठे आहात तुम्ही सगळे?"

"पलतडीक, मॅडम. माळार. गावपळण आसा ना!"

"काय आहे?"

"गावपळण. चार वर्सांनी देवाक कौल लावतंव. देवान होय म्हटल्यान की गाव सोडूचो. माणसां, गुरां, कोंबडे, कुत्रे, मांजरां, जिवंत आसा ता सगळा भायर. तीन राती गावात कोण रवाचा नाय. भाईबंदांच्या गावातसून होड्ये मागवतंव, म्हाताऱ्यांका उचलून घालतंव नि सगळी हय येवन खोपी बांधून रवतंव. चौथ्या दिसाक परत कौल. देवान परवानगी दिल्यान तर घराक. नाय दिल्यान तर आणखी एक रात."

"अहो, पण मी विचारलं होतं ना, काही अडचण आहे का म्हणून!"

"तेवा कौल खंय झालो होतो?"

"मग झाल्यावर तरी कळवायचं!"

"देवाचा काम ता," बापूंना प्रश्नच कळला नव्हता. "सरकाराक कित्याक कळवूचा?"

"आणि तिटा घालून गेलात!"

"शब्द दिलेलो ना तुमका. तेच्यार गावात वादसुदा झालो. जिवंत ता भायर न्यावचा, मगे तीट जिवंत की काय? मी म्हटलंय, आंगाच्या उबेर चलता म्हणजे जिवंतच. घेवन चला."

तेवढ्यात फोन रुक्माकाकींनी ओढून घेतला. "गो बाय, तू शिकलेला मां? माका सांग, हयसून माझ्या दाराची कडी दिसात काय खयच्या यंत्रातसून? मी घातलंय की नाय, काय्येक आठवत नाय. परसातले कुळीथ वानरांनी खाल्ल्यानी असतले."

"वैजू भेटली का, काकी?"

"हयच आसा, माझ्या खोपीत. पोरगोय आसा. मांडयेर निजलो हा." काकींचा आवाज मऊ झाला, आणि लगेच परत चढला. "पण जीव थय लागलो हा गो! सगळा गाव काठार बसान आपापल्या घरांची कौलां बघता. त्या म्हाताऱ्या आबाक तर घराकडे पळताना दोनदा धरून आणला."

फोन ठेवल्यावर यामिनी हसली आणि मग तिला रडू यायला लागलं. हा आकडा खोटा होता. यंत्राच्या हिशेबाने खरा, पण अर्थाने खोटा. या माणसांना खाडीने अडवलेलं नव्हतं, देवाने अडवलं होतं. मध्ये दहा पूल असते तरी तीन दिवस त्यांच्यातलं कोणी परत गेलं नसतं.

आणि हे फक्त तिला ठाऊक होतं. बाईंनी तपशील बघितला नव्हता. त्या पुलाच्या मंजुरीवर सही करायला निघाल्या होत्या. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. दोनशे माणसांचं गाव वाचत होतं, आणि कोणाचं काही जात नव्हतं. यामिनीने स्वतःला खूप समजावलं. पण तिटेला एकदा खोटं बोलू दिलं, की पुढच्या वेळी कोणासाठी बोलू द्यायचं आणि कोणासाठी नाही, हे कोण ठरवणार? आणि ते ठरवण्याचा मोह आपल्याला आत्ताच पडलाय, हे कळल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. ती उठली आणि बाईंच्या खोलीत गेली.

*

वैरागडेबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्या जिवंत तिटेच्या वादावर पोट धरून हसल्या. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सांगितलं नसतंस तं मला कळलं नसतं."

"माहीत आहे."

"शहाणी आहेस. अन् मूर्खही आहेस." त्यांनी कायदा उघडला. "कलम स्पष्ट आहे. प्रथा किंवा धार्मिक निर्बंधामुळे न झालेली फेरी ही अडफेरी नाही. हे दिवस वगळावे लागतील. वगळले की खाली उरतं शून्य. अन् मग स्थलांतर. मला वाईट वाटतं गं, खरंच वाटतं."

"माळ तोच ना, महामार्गालगतचा?"

"तोच तं. जिथे ते आत्ता बसले आहेत."

मग यामिनीने अगदी सावकाश विचारलं, "बाई, आत्ता ती माणसं त्या माळावर आहेत. वैजूसारख्या लेकी जवळ आहेत, रस्ता जवळ आहे, दवाखाना जवळ आहे. तरी सगळ्यांचे पाय माडवळ्याकडे ओढ घेतायत. तीन दिवस देवाने अडवलं, म्हणून आपण ते मोजत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"स्थलांतर केल्यावर याच माळावर हीच माणसं राहतील. तेव्हा त्यांना कोण अडवणार?"

बाईंचं बोट कायद्यातल्या त्याच कलमावर परत गेलं.

"देव तं नाही अडवणार," त्या हळूहळू म्हणाल्या. "देव चौथ्या दिवशी परवानगी देतो."

"मग कोण?"

"खाडी." बाईंनी चष्मा परत चढवला. "खाडी अडवेल. अन् खाडीने अडवलेली फेरी ही कायद्याने अडफेरी. अगं थांब, थांब. पण ती विझेल ना? तूच म्हणतेस, वाट बंद झाली की विझते."

"विझेल. दोन-तीन वर्षांत. पण स्थलांतरितांची मोजणी पहिल्याच वर्षी घ्यायची, असं कलम आहे."

"कोणी घातलं ते?"

"तुम्हीच. हलवलेल्या लोकांची परवड होऊ नये म्हणून."

वैरागडेबाई उठून खोलीत येरझारा घालू लागल्या. आता त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. हिशेब त्यांचा त्याच करत होत्या आणि दर वाक्यागणिक त्यांचा आवाज चढत होता. "म्हणजे आधी आपण दोनशे माणसं उचलून माळावर आणायची. त्यांना घरं बांधून द्यायची. मग वर्षाच्या आत त्यांच्या अडफेऱ्या मोजायच्या. त्या देशात सर्वांत जास्त भरणार, हे आत्ताच दिसून राहिलं. मग आपल्याच कायद्याने आपण माडवळ्याला पूल बांधायचा, रिकाम्या गावाला! अन् पूल झाला की ही मंडळी त्याच पुलावरून आपल्या घरी राहायला जाणार. माळावरची वसाहत आपल्या बोकांडी!"

"पूल चुकत नाही, बाई."

"नाही चुकत. माणसं घरात असताना बांधायचा की माणसं हाकलून बांधायचा, एवढंच आपल्या हातात आहे." त्या थांबल्या. "देवाला कायद्यातून वगळायचं आपल्याला सुचलं, यामिनी. आयोगाला वगळायचं नाही सुचलं. लोकांची वाट आपणसुद्धा अडवू शकतो, हे डोक्यातच आलं नाही."

त्यांनी स्थलांतराच्या प्रस्तावावर शेरा लिहायला घेतला. गावपळणीचे आकडे अडफेऱ्या म्हणून धरलेले नाहीत, असं त्यात स्वच्छ लिहिलं. ते स्थलांतराची चाचणी म्हणून धरले आहेत, आणि स्थलांतर केल्यास पूल टळत नसून उलट अटळ होतो, सबब तो आत्ताच बांधावा. लिहून झाल्यावर त्यांनी ते यामिनीला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग सही केली.

"अन् यापुढे," त्या म्हणाल्या, "कुठलंही गाव हलवायच्या आधी तिथली माणसं तीन रात्री त्या नव्या जागी नेऊन ठेवायची. काय काय ओढ लागते ती बघायची. मग बोलायचं. तुझ्या विझफेऱ्या मला मोजता येत नाहीत, पण नव्याने पेटणाऱ्या तं मोजता येतात ना?"

*

मंजुरीची बातमी यामिनी स्वतः घेऊन गेली. फोनवर सांगण्यासारखी ती नव्हतीच. माडवळ्यात देवळासमोर सगळे जमले. बापू गावकरांनी देवाला गाऱ्हाणं घातलं, नारळ फुटला, म्हाताऱ्या आबाने टोपी उडवली ती माडात अडकली. यामिनीच्या हातात कोणी सोलकढी दिली, कोणी खाजं, आणि एका बाईने तिला कडकडून मिठीच मारली.

रुक्माकाकी मात्र देवळात नव्हत्या. त्या ओसरीवरही नव्हत्या. खाडीच्या काठावर, एका दगडावर, ढोपरं धरून बसल्या होत्या. ओहोटी लागली होती आणि समोर नुसता काळा चिखल पसरला होता.

"काकी, ऐकलंत ना? पूल होणार!"

"ऐकलंय." त्यांनी मान वर केली नाही. "किती दिसांनी?"

"दिवस नाही हो. खाडीतलं काम आहे. तीन वर्षं तरी लागतील."

"तीन वर्सां!" काकी तिच्याकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या रागावल्याही होत्या. "आदी बरी होतंय गो मी. हय बसान ता घर बघी, आठवण येय, नि मगे उठान भात घाली. पायांका काय्येक कळा नाय होता. गावपळणीत तीन राती नातू मांडयेर निजलो, आणि आता तू सांगतंस पूल येतलो. सकाळपासून तीनदा चप्पल घातलंय मी! हे पाय आता हय रवणत नाय. तीन वर्सां तेंका काय सांगू?"

इतकी वर्षं यामिनीने अडफेऱ्या मोजल्या, त्यांचे तक्ते मांडले, त्यावर पुरस्कारही घेतले. आपण काय मोजत होतो, ते आज तिच्यासमोर दगडावर बसलं होतं. तिने काकींचा हात धरला, आणि नुसतं "चुकलं हो माझं" म्हणाली. काय चुकलं ते तिला सांगता आलं नसतं.

"तुझा काय चुकला? गप रव." काकींनी पदराने नाक पुसलं. थोडा वेळ त्या पलीकडच्या निळ्या पत्र्याकडे बघत राहिल्या. मग एकदम त्यांनी देवळाच्या दिशेने तोंड करून अशी हाक मारली, की नारळ फोडणारे थबकले.

"बापू! ए बापू! देवळातली खुर्ची घेवन येवा नि उचलूक दोघां-तिघांका बोलवा! माका पलतडीक न्हेवा!"

"आता?" बापू धावत आले. "काकी, भरती येवंदे तरी. चिखल बघ किती हा तो! आणि पूल होतलो आता, मगे कसली घाई?"

"पूल होयसर कोण रवतला? न्हेतंत काय मी रांगत जावं?"

बापूंनी यामिनीकडे पाहिलं. यामिनीने काही म्हणायच्या आत काकी दगडावरून उठल्याही होत्या. मग बापू हसले, आणि पोरांना हाक घातली. खुर्ची आली. काकी पदर खोचून तीत बसल्या. तीन बाजूंना तीन माणसं लागली, चौथी रिकामी होती. यामिनीने चपला काढून काठावर ठेवल्या, साडी वर खोचली आणि खुर्चीची चौथी बाजू उचलली.

चिखल घोट्यापर्यंत होता, मग पोटऱ्यांपर्यंत आला. काकी जड होत्या. वर बसून त्या एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्या हाताने फोन धरून लेकीला ओरडून सांगत होत्या, "वैजू! भात जास्तीचो घाल गो! पाच माणसां येतंव!"

पलीकडे निळ्या पत्र्याच्या घराचं दार उघडलं आणि कोणीतरी काठाकडे धावत सुटलं.